कृत्रिम सूर्याची मालकी कोणाची?

लेसरच्या साहाय्याने सूर्य पृथ्वीवर उतरला, आता वीज जवळजवळ फुकट, अशी स्वप्ने गंगापूर रोडवरच्या दिवाणखान्यांत रंगवली जातात. त्यांचा हिशेब तपासला पाहिजे. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेसरझोतांनी हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांचे संमीलन घडवले. लक्ष्यावर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा पडली, ३.१५ निघाली. परंतु लेसर चालवण्यास सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली! शिवाय ही प्रयोगशाळा मुळात अण्वस्त्रांची. वीज हे तिचे दुय्यम प्रयोजन.

१९५५ साली जिनीव्हा परिषदेच्या अध्यक्षपदावरून होमी भाभांनी ही ऊर्जा दोन दशकांत हाती येईल, असे भाकीत केले. सात दशके लोटली. नाशिकजवळ एकलहऱ्याला अजून कोळसाच जळतो.

संशोधन अवश्य व्हावे. परंतु जनतेच्या करांतून झालेल्या प्रयोगाचे फळ तोडायला खाजगी कंपन्या आताच सरसावल्या आहेत. धरण सरकारी खर्चाने बांधावे आणि पाटाच्या चाव्या सावकाराच्या हाती द्याव्यात, तसा हा व्यवहार! कृत्रिम सूर्याची मालकी कोणाची, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. मीटर बसल्यानंतर नव्हे.