वाघाच्या गळ्यातला पट्टा

यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळ सुमारे 148 चौरस किलोमीटरचं टिपेश्वर अभयारण्य आहे. सागाच्या या जंगलात सूर्य वर येतो तेव्हा जिप्सीनं उडवलेली धूळसुद्धा सोन्याची दिसते. छायाचित्रकाराच्या हाती हा उजेड थोडाच वेळ असतो. त्यातही वाघ निघाला तर!

कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स मात्र सकाळचा तांबूसपणा ही चूक समजून अनेकदा पुसट करतो. उजळ आकाश जपावं, तर जनावर काळवंडतं. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या, फाइलमधून तो रंग परत आणणं, सावल्या थोड्या उजळणं ही लबाडी नव्हे. डोळ्यांनी पाहिलेलं कागदावर उतरवण्याची ती खटपट आहे.

लबाडी सुरू होते पुसापुशीपासून. टिपेश्वरच्या ‘वॉकर’ वाघाच्या गळ्यात 2019 मध्ये रेडिओ कॉलर होती. 3,000 किलोमीटरहून अधिक भटकून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, हे कळलं त्या पट्ट्यामुळेच. फोटो ‘देखणा’ व्हावा म्हणून असा पट्टा एका क्लिकवर घालवला, तर वाघ उरतो आणि त्याची गोष्ट जाते.

लबाडी पुसापुशीशिवायही होते. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमनं 2018 मध्ये आपल्या स्पर्धेतलं मुंगीखाऊचं विजेतं छायाचित्र बाद केलं. त्यातला प्राणी बहुधा पेंढा भरलेला होता, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता.

आपल्याकडच्या स्पर्धांनी आणि वृत्तपत्रांनीही बक्षीस देण्याआधी, फोटो छापण्याआधी मूळ रॉ फाइल मागून घ्यावी.