पेशी, कोशिका आणि टॉर्चचा सेल

'पेशी म्हणजे काय?' असं महाराष्ट्रात आठवीतल्या मुलाला विचारलं, तर तो 'सजीवांचा मूलभूत घटक' असं धडाधड सांगेल. 'पेशी व पेशीअंगके' हा धडा त्याने नुकताच पाठ केलेला असतो. हाच शब्द आमच्या नेमावरच्या घाटावर उच्चारला, तर समोरचा काळजीने विचारेल, "कौन-सी कोर्ट में?" कारण तिकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. तो शाळेत विज्ञान शिकलेला असेल, तर म्हणेल पेशी म्हणजे मांसपेशी, दंडाची बेटकुळी. लिपी तीच, अक्षरं तीच, पण शरीरातली जागा मात्र बदललेली.

नेमावर बहुतेकांना माहीत नसेल, म्हणून सांगते. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तर तीरावर हे गाव आहे. नदीपलीकडे हंडिया. गावात सिद्धनाथाचं जुनं देऊळ आहे आणि नर्मदेचं नाभिस्थान ते हेच, अशी श्रद्धा आहे. एके काळी होळकरांच्या इंदूर संस्थानात नेमावर नावाचा जिल्हाच होता. धार आणि देवास ही पवारांची संस्थानं. त्यामुळे या पट्ट्यात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. माझं घर त्यांपैकीच एक. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि आता कॉलेजात बी.एस्सी.ला इंग्रजी. म्हणजे एकच शरीर मी तीनदा शिकतेय.

या तीनदा शिकण्यातून माझं एक मत तयार झालं आहे, तेच इथे मांडते. विज्ञानातला शब्द कोणत्या भाषेतला आहे, याला आपण फार महत्त्व देतो. तो शब्द मुलांपुढे उलगडून ठेवला आहे का, हे मात्र कुणी बघत नाही. आणि याची किंमत परीक्षेतल्या मार्कांपुरती नसते, माणसांच्या तब्येतीपर्यंत जाते.

आधी गोंधळ केवढा आहे ते बघा. मराठीत पेशी, हिंदीत कोशिका. मराठीत ऊती, हिंदीत ऊतक. आपण ज्याला स्नायू म्हणतो ती हिंदीतली पेशी. आणि हिंदी पुस्तकातला 'स्नायु' म्हणजे दोन हाडांना जोडणारा पट्टा, आपला अस्थिबंध. बोलण्यातल्या हिंदीत तर 'स्नायु तंत्र' म्हणजे मज्जासंस्था! प्राण्यांच्या ऊतींचे चार प्रकार मराठीत अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. हिंदीत त्यातला 'संयोजी' तेवढा जसाच्या तसा राहतो, स्नायूचा 'पेशीय' होतो आणि चेताचा 'तंत्रिका'. बरं, मराठीत तरी एकमत आहे का? मराठी विश्वकोशाचे जुने खंड उघडा, तिथे 'कोशिका' आणि 'ऊतक' भेटतात. कुमार विश्वकोशात 'पेशी' आणि 'ऊती'.

यात कुणाचं चुकलं, असं विचारण्यात अर्थ नाही. सुश्रुतसंहितेत शरीराची मोजदाद आहे: तीनशे अस्थी, पाचशे पेशी, नऊशे स्नायू. तिथे पेशी म्हणजे मांसाचे गट आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे दोरखंड. हिंदीचं पाठ्यपुस्तक या अर्थांच्या जवळ राहिलं. मराठीने स्नायू हा शब्द मांसाला दिला आणि मोकळी झालेली पेशी सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या नव्या गोष्टीला दिली. सुश्रुताकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, त्यामुळे या गोष्टीसाठी त्याच्याकडे शब्द असण्याचं कारणच नव्हतं. संस्कृतची पेटी एक, पण प्रत्येक भाषेने त्यातलं सामान आपापल्या सोयीने लावलं.

इंग्रजीचं काय वेगळं आहे? 1665 साली रॉबर्ट हुकने बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला. त्याला मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्यांना त्याने 'सेल' म्हटलं. लॅटिनमध्ये 'सेला' म्हणजे लहानशी खोली, आणि मठातल्या साधूंच्या खोलीलाही सेल म्हणतात. गंमत म्हणजे बूच मेलेलं असतं. हुकने पाहिल्या त्या रिकाम्या खोल्यांच्या भिंती. आत राहणारं कुणी उरलंच नव्हतं. जीवशास्त्रातला सगळ्यात मोठा शब्द असा रिकाम्या खोलीवरून पडला आहे. इंग्रजी शब्द अचूक आणि आपले ओढूनताणून आणलेले, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

मला सगळ्यात आवडणारी जोडी म्हणजे 'रिक्तिका' आणि 'रसधानी'. दोन्ही शब्द पेशीतल्या एकाच भागाचे. मराठी म्हणते ही रिकामी जागा, हिंदी म्हणते हे रस साठवायचं ठिकाण. नेमकं उलट! इंग्रजी 'व्हॅक्युओल'सुद्धा रिकामेपणावरूनच आला आहे, कारण सुरुवातीच्या भिंगांतून तिथे काही दिसत नव्हतं. प्रत्यक्षात वाढ झालेल्या वनस्पतिपेशीची बरीचशी जागा याच रसाने व्यापलेली असते. पाणी घालायला विसरलं की तुळस मान टाकते ती तिथलं पाणी कमी झाल्यामुळे. हे दोन शब्द शेजारी ठेवून कुणी शिकवलं, तर मुलाला एका मिनिटात दोन गोष्टी कळतील: ती जागा आधी कशी दिसली, आणि आत खरं काय आहे. पण आपण काय करतो? 'रिक्तिका: कार्ये लिहा, गुण 2.'

'ऊती'चंही तेच. हा शब्द ऐकला की वर्गात कुणीतरी हमखास शिळ्या कढीला ऊत आणतं. खरं तर 'ऊत' म्हणजे विणलेलं. आपण 'ओतप्रोत' म्हणतो ना, उभे-आडवे धागे विणल्यासारखं, त्यातला 'ओत' याच घरातला. इंग्रजी 'टिश्यू'सुद्धा विणकामातूनच आला. 1801 मध्ये बिशा या फ्रेंच वैद्याने शरीरात 21 प्रकारच्या ऊती असल्याचं मांडलं, तेही सूक्ष्मदर्शक न वापरता, नुसतं फाडून, उकळून, बोटांनी चाचपून. कापडवाला पोत बघतो तसं. नेमावरहून नर्मदेच्या प्रवाहाबरोबर खाली गेलं की महेश्वर लागतं. तिथल्या मागावर सूत तेच असतं, पण काठाची वीण वेगळी आणि अंगाची वेगळी. त्वचेच्या अभिस्तर ऊतीत पेशी एकमेकींना चिकटून बसतात, संयोजी ऊतीत त्या सुट्या-सुट्या असतात आणि मधल्या जागेत आधारद्रव्य असतं. हाडात ते आधारद्रव्य टणक, रक्तात पातळ. म्हणून रक्त हीसुद्धा ऊतीच. हे एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं अभ्यासक्रमात कुठेच नसतात.

आता मार्कांच्या पलीकडचं सांगते. माझ्या आजीचा गुडघा मुरगळला होता. डॉक्टर हिंदीत म्हणाले, "स्नायु में खिंचाव है, आराम दीजिए." आजीच्या मराठी कानाने स्नायू म्हणजे मांस असंच ऐकलं. मग काय, तिळाचं तेल कोमट करून दोन दिवस सकाळ-संध्याकाळ दणकून चोळलं. तिसऱ्या दिवशी गुडघा भोपळ्याएवढा. डॉक्टरांनी सांगितला होता अस्थिबंध, आजीने चोळला स्नायू. दोघंही आपापल्या भाषेत बरोबर होते. हाडाला हाड बांधणारा पट्टा ताणला गेलाय, तिथे बोट लावू नका, असं एक वाक्य कुणी बोललं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

आजीचा गुडघा बरा झाला. पण आमच्या भागात याहून मोठा प्रश्न आहे तो सिकल सेलचा. धार जिल्ह्यात निम्म्याहून जास्त लोक आदिवासी आहेत, मुख्यतः भिल्ल आणि भिलाला. मध्य भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत हा आजार आढळतो. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झालं. 2047 पर्यंत हा आजार हद्दपार करायचा आणि त्यासाठी 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असं त्याचं उद्दिष्ट आहे. काम मोठं आहे आणि चांगलं आहे. पण भिंतीवरच्या फलकावर शब्द काय? 'सिकल सेल'. इंग्रजीच, फक्त देवनागरीत. आणि बाजारात सेल म्हणजे टॉर्चमध्ये घालायचा, नाहीतर दिवाळीला कपड्यांवर लागणारा.

सांगायची गोष्ट किती साधी आहे बघा. रक्तातल्या लाल पेशी चपट्या, मधे दबलेल्या चकतीसारख्या असतात. इतक्या लवचीक, की केसाहून बारीक वाहिनीतूनही दुमडून निघून जातात. त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं. हे प्रथिन बनवण्याच्या सूचनेत एका अक्षराचा फरक पडला, तर प्राणवायू कमी झाल्यावर ते आतल्या आत कांड्यांसारखं जुळत जातं आणि पेशी वाकून गहू कापायच्या विळ्यासारखी होते. असे विळे बारीक वाहिनीत अडकतात. पुढच्या ऊतीला प्राणवायू मिळत नाही. मग हाडं ठणकतात, मूल रात्रभर रडतं. साधी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत मोडते, म्हणून रक्त कमी पडतं. विळा ज्याच्या हातात रोज असतो, त्याला हे चित्र आपल्यापेक्षा लवकर कळेल.

तसाच 'वाहक' हा शब्द. महाराष्ट्रात एसटीतला कंडक्टर म्हणजे वाहक. तपासणीत 'वाहक' निघालेल्या मुलीला घरचे आजारी समजतात, तिचं लग्न अडतं. खरं म्हणजे वाहकाला सहसा त्रास नसतो. आई-वडिलांकडून मिळालेल्या दोन सूचनांपैकी तिची एक चांगली असते. दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता मूल आजारी असण्याची, चारात दोन वाहक असण्याची आणि चारात एक पूर्ण निरोगी असण्याची. हे लग्नाआधी कळायला हवं, समजून घेऊन ठरवायला हवं. एका न उलगडलेल्या शब्दामुळे माहितीच्या जागी कलंक पोचतो.

यावर माझे काही मित्र म्हणतात, म्हणूनच सगळं इंग्रजीत शिकवा, एक शब्द, एक अर्थ, कटकट संपली. प्रयोगशाळेत त्यांचं बरोबर आहे. मीही जर्नल इंग्रजीतच लिहिते आणि जगभरच्या संशोधकांशी बोलायला तो शब्द लागतोच. पण फलकावरचा 'सेल' इंग्रजीच आहे आणि तरी कळत नाही, त्याचं काय? दुसऱ्या टोकाचे म्हणतात, सगळं मातृभाषेत करा. ऑक्टोबर 2022 मध्ये भोपाळला एम.बी.बी.एस.ची हिंदी पुस्तकं आली. त्यांतले बरेचसे शब्द इंग्रजीच आहेत, लिपी तेवढी देवनागरी. त्यावर खूप टीका झाली, पण मला ते फार खटकत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलाला निदान वाक्य तरी आपल्या भाषेत समजतं. खटकतं ते एवढंच, की लिपी बदलली की शब्द समजला असं आपण धरून चालतो.

माझं म्हणणं सोपं आहे. पाठ्यपुस्तकात नवा शब्द येईल तिथे एक ओळ द्यावी: हा कुठून आला आणि याचा आकार कशासारखा. सीमेवरच्या आणि राज्य बदलून आलेल्या मुलांसाठी मराठी, हिंदी आणि इंग्रजी शब्दांचं एक पान शेवटी जोडावं. आणि दवाखान्यात, फलकावर, घरोघरी जाणाऱ्या आशाताईंच्या तोंडी शब्दाआधी चित्र असावं: विळा, चकती, दोरखंड, वीण.

पहिली दोन कामं सरकारची आहेत आणि ती होतील तेव्हा होतील. पण तीन भाषांचं ते एक पान आपलं वाङ्मय मंडळ या सत्रातसुद्धा करू शकतं. वाङ्मय मंडळाचं जीवशास्त्राशी काय काम, असं कुणी विचारेल. शब्दांचा पोत चाचपून बघणं हे तर आपलंच काम. सायन्सच्या मुलांनी रचना सांगावी, आर्ट्सच्या मुलांनी व्युत्पत्ती शोधावी. सुरुवातीचे दहा शब्द माझ्या वहीत तयार आहेत. अकरावा कोण देतंय?