आधी दार कुणी लावायचं?

"वाजव गं, पण दार लावून घे." साताऱ्यात आमच्या घरी माझ्या गिटारला एवढीच सवलत. गणपतीत गल्लीत भिंतीएवढे स्पीकर लागतात तेव्हा दार लावा असं कुणी कुणाला सांगत नाही, ते असो.

घरी सरावासाठी मी ५ वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घेतला. सासूबाईंना वाटलं, सुनेनं आवाज आवरला. तसं मुळीच नाही. जुन्या रेडिओत असत तसल्या या काचेच्या व्हॉल्व्हना पुरता ताण दिला, की त्यांचा सूर पिकतो. ५० वॅटचा ॲम्प खोलीत कुजबुजत ठेवला तर तो सूर येतच नाही. शिवाय वॅट दहापट घटले तरी कानाला आवाज साधारण निम्माच वाटतो. दहा बाय दहाच्या खोलीत ५ वॅटही दणदणतात. चाळीत, फ्लॅटमध्ये राहणारीनं १ वॅटचा बघावा. रेकॉर्डिंगलाही तो पुरतो, माईक स्पीकरच्या तोंडाशीच तर असतो. मात्र स्पीकर जोडल्याशिवाय तो चालू करू नका आणि मागचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही आत शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात.

कामासाठी सांगलीला जाते तेव्हा मिरजेत डोकावते. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बायकांच्या गळ्यासाठी तिथे तंबोरा लहान करतात. लहान म्हणून त्याला कुणी दबक्या आवाजाचा म्हणत नाही.

रात्री मी हेडफोन लावते, शेजारी झोपतात म्हणून. संध्याकाळी सात ते आठ मात्र दार उघडं असतं.