पहिल्या बोटानंतर



तीन वर्षांपूर्वी हनुक्काच्या सुमारास न्यू जर्सीत माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी मलिदा झाला. मधुमेहापायी भावजींच्या उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला होता. ती जखम अकरा आठवड्यांनी भरून आली आणि बहिणीने एलियाहू हनाबीला बोललेला नवस फेडला. गोड पोहे, खोबरे, केळी, खजूर, सर्व काही यथासांग झाले. पंचवीस-तीस माणसे जमली, दाराशी पादत्राणांचा ढीग पडला, आणि त्या ढिगात भावजींचे नवे, खास मापाचे, जाड तळाचे बूटही होते. भावजी मात्र नुसत्या मोज्यांवर घरभर हिंडून पाहुण्यांची विचारपूस करीत होते. "सुटलो एकदाचा," असे ते प्रत्येकाला सांगत होते आणि आम्ही सारे माना डोलावीत होतो. पुढचा सप्टेंबर उजाडण्यापूर्वी शेजारचे बोटही गेले.

यात डॉक्टरांना बोल लावण्यास जागा नाही. त्यांनी सांगितलेले सर्व बहिणीने वहीत उतरवून घेतले होते आणि ती वही औषधांच्या कपाटात अगदी सुरक्षित होती! आमची चूक एवढीच, की भरलेली जखम म्हणजे बरा झालेला पाय असे आम्ही धरून चाललो. आपल्या समाजात मधुमेह नाही असे घर शोधावेच लागेल, म्हणून या महिन्याचे सदर त्या एका गैरसमजासाठी खर्ची घालीत आहे.

टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथील तज्ज्ञांनी १९९७ साली, पायाचा अंगठा काढलेल्या ९० मधुमेही रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी शेकडा ६० जणांवर दुसऱ्यांदा अंगच्छेदाची पाळी आली, शेकडा २१ जणांवर तिसऱ्यांदा आणि शेकडा ७ जणांवर चौथ्यांदा. त्याच शहरातील २७७ रुग्णांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तीत पहिल्या शस्त्रक्रियेनंतर एका वर्षात शेकडा सुमारे २७, तीन वर्षांत ४८ आणि पाच वर्षांत ६१ रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागले. ज्यांचा पाय घोट्याच्या वरून गेला होता, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांवर पाच वर्षांच्या आत दुसऱ्या पायाबाबतही तीच वेळ आली. आकडे जुने आहेत आणि ठिकाणपरत्वे ते बदलतील, पण पहिले वर्ष सर्वांत घातकी असते ही गोष्ट त्यांतून स्वच्छ दिसते. ज्या वर्षी आपण नवस फेडतो, तेच ते वर्ष.

असे का व्हावे? अंगठा काढल्याने मधुमेह जात नाही, बधिर झालेले मज्जातंतू जागे होत नाहीत आणि अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या रुंद होत नाहीत. उलट एक नवी अडचण उभी राहते. पाऊल उचलताना शरीराचा बराचसा भार अंगठा पेलतो. तो गेला की तो भार शेजारच्या बोटांवर आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या हाडांवर पडतो, बोटे वाकडी होतात, तळव्याला घट्टा पडतो, आणि त्या घट्ट्याखाली कातडी आतल्या आत फुटते. लंगडत चालल्यामुळे दुसऱ्या पायावरही जादा ताण येतो. दुखत असते तर माणूस थांबला असता, परंतु दुखतच नाही.

हे न दुखणेच सर्व अनर्थाचे मूळ आहे, हे ज्यांनी जगाला पटविले ते डॉ. पॉल ब्रँड आपल्या हिंदुस्थानातच, तामिळनाडूतील कोल्ली टेकड्यांत १९१४ साली जन्मले. वेल्लोर येथे महारोग्यांवर उपचार करीत असताना त्यांच्या ध्यानात आले, की रोग बोटे खात नाही. संवेदना गेल्यामुळे रुग्ण स्वतःच्या नकळत बोटांना इजा करून घेतो. १९६६ साली ते लुइझियाना राज्यातील कारव्हिलच्या महारोग रुग्णालयात आले. लहानसा दाब एकाच जागी हजारो वेळा पडला तर ती जागा प्रथम गरम होते, सुजते आणि मग फुटते, हे त्यांनी तेथे उंदरांच्या तळव्यांवर प्रयोग करून दाखविले. बधिर पायाची गोष्ट महारोगात आणि मधुमेहात एकच आहे, हे या देशातील डॉक्टर त्यांच्याकडून शिकले. डॉक्टर आपल्या तळव्याला नायलॉनचा जो बारीक धागा टेकवून "लागले का?" असे विचारतात, त्याचे दहा ग्रॅमचे प्रमाणही १९८६ साली कारव्हिलच्याच तज्ज्ञांनी ठरविले. तो धागा टेकलेला कळला नाही तर पायाचे रक्षण करणारी जाणीव गेली असे समजावे.

शिक्षणशास्त्राचा अभ्यास करताना आम्हांस शिकविले होते, की विसरणाऱ्या मुलाला रागावू नये, त्याला आठवण होईल अशी खूण द्यावी. वेदना ही तशीच खूण. ती नाहीशी झाली म्हणजे दुसरी शोधावी लागते, आणि ती स्पर्शाच्या उष्णतेत सापडते. ज्यांना पूर्वी जखम होऊन गेली होती अशा १७३ रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष २००७ साली आला. ज्यांनी दररोज साध्या उपकरणाने दोन्ही तळव्यांचे तापमान त्याच त्याच जागी मोजले, आणि दोहोंत चार अंश फॅरनहाइटहून अधिक अंतर दिसताच चालणे कमी करून डॉक्टरांना कळविले, त्यांपैकी शेकडा ८ ते ९ जणांनाच पुन्हा जखम झाली. इतर दोन गटांत हेच प्रमाण शेकडा २९ व ३० होते. ज्यांना एकच पाय उरला आहे त्यांना मात्र ही तुलना करता येत नाही; त्यांनी आरसा आणि घरातल्या माणसाची नजर यांवरच भिस्त ठेवावी.

आता उंबरठ्याचा प्रश्न. घरात बूट घालू नये, ही आपली चाल आईबापांपासून आलेली आणि स्वच्छतेची. तथापि हॉलंडमधील २०१३ सालच्या एका अभ्यासात आढळले, की असे रुग्ण बाहेर टाकलेल्या शंभर पावलांपैकी ८७ पावले खास बुटांत टाकतात आणि घरात फक्त ६१, आणि चालणे तर घरातच अधिक होते. ज्यांच्याकडे उंबऱ्यावर बूट काढण्याची चाल नाही, त्यांच्याकडची ही स्थिती. आपल्याकडे काय असेल ते वाचकांनीच ठरवावे. आमच्या बहिणीने आता बुटांचा दुसरा जोड घेतला आहे. तो फक्त घरात वापरतात आणि त्याचे तळ ती रोज पुसते. सासूबाई असत्या तर रागावल्या असत्या, असे ती म्हणते.

योम किप्पूरला चामड्याचे पादत्राण वर्ज्य, म्हणून त्याच वर्षी भावजी पातळ कापडी सपातांवर तासन् तास उभे राहिले होते. ती गरज नव्हती. मिश्नातील योमा ग्रंथात बाळंतिणीला पादत्राणाची मुभा आहे, आणि शुल्हान आरुखने आजारी माणसाला व पायाला जखम असलेल्यालाही ती दिली आहे. शोकाच्या सात दिवसांतही आजारी माणसाला सवलत आहे. आपल्या राब्बींना आधी विचारावे, सणाच्या संध्याकाळी नव्हे. तसेच थंडीच्या दिवसांत पाय गार पडले म्हणून रेडिएटरला लावू नयेत, शेक घेऊ नये. पाणी हाताच्या कोपराने पाहावे.

डॉक्टरांना एक प्रश्न मात्र अवश्य विचारावा: "पायाचा रक्तप्रवाह तपासला का?" मधुमेहात बारीक रक्तवाहिन्याच बुजतात, तेथे काही इलाज चालत नाही, अशी समजूत दीर्घकाळ होती. बॉस्टनचे डॉ. लोगेर्फो यांनी सहकाऱ्यासह १९८४ साली ती चूक असल्याचे दाखविले. अडथळा बहुधा पोटरीतील रक्तवाहिन्यांत असतो, पावलातील रक्तवाहिन्या पुष्कळदा शाबूत राहतात, आणि तेथपर्यंत नवी वाट काढून देता येते. दंडाप्रमाणे घोट्याचा दाब मोजून केलेली तपासणी मधुमेह्यांत फसवी ठरू शकते, कारण कठीण झालेल्या वाहिन्या दाब वाढवून दाखवितात. अशा वेळी बोटाचा दाब मोजतात.

बुटांविषयी शेवटचे. मेडिकेअरच्या भाग 'बी' मध्ये १९९३ पासून मधुमेह्यांसाठी खास बुटांची तरतूद आहे. पूर्वी पायाचा भाग काढला असेल, जखम झाली असेल किंवा पायाला व्यंग आले असेल, तर दर वर्षी जास्त खोलीच्या बुटांचा एक जोड व आत घालावयाच्या गाद्यांचे तीन जोड मिळू शकतात. वार्षिक वजावटीनंतर शेकडा ८० खर्च मेडिकेअर सोसते. मधुमेहाचा उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे लेखी प्रमाणपत्र मात्र लागते. हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे मोजतात, आणि न घेतलेला जोड पुढच्या वर्षात मिळत नाही. भावजींचा पहिल्या वर्षीचा जोड असाच बुडाला.