स्नानगृहातील बाष्पक

गळीत हंगामाच्या तोंडावर माळेगाव बुद्रुक येथील शिवनगरात सहकारी साखर कारखान्याच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, नारळ फुटतो, मोळी टाकण्याचा मुहूर्त ठरतो. पण त्या मंगल विधीच्या आधी एक दुसरा, अधिक रुक्ष आणि अधिक महत्त्वाचा विधी पार पडलेला असावा लागतो. बाष्पकाची तपासणी झालेली असावी लागते, सेफ्टी व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उघडतो याची खातरजमा झालेली असावी लागते, आणि १९२३ च्या भारतीय बाष्पके अधिनियमापासून चालत आलेल्या शिरस्त्याप्रमाणे बाष्पके संचालनालयाचा मुदतबंद दाखला दप्तरी दाखल असावा लागतो. तो व्हॉल्व्ह सारखा फुसफुसतो म्हणून एखाद्या कामगाराने त्याच्यावर वजन ठेवले, तर त्याची त्याच पाळीत चौकशी होईल, आणि तशी ती व्हावी याबद्दल गावात दुमत होणार नाही.

त्याच गावात, त्याच कारखान्याच्या सभासदाच्या घरी, स्नानगृहाच्या भिंतीवर डोक्याच्या वर हातभर उंचीवर पंधरा किंवा पंचवीस लिटरांची एक बंद टाकी टांगलेली असते. तिच्यात दोन हजार वॅटचा तापक असतो, आणि तिचा पाण्याचा निर्गम नळाच्या चावीने बंद केलेला असतो. वाफ निर्माण करणे हा तिचा हेतू नसल्यामुळे बाष्पकांचा कायदा तिला शिवत नाही, आणि ते योग्यही आहे. परंतु तिचा नियंता निकामी झाला, की कायद्याच्या व्याख्येची पर्वा न करता ती बाष्पकच होते. हा नियंता म्हणजे थर्मोस्टॅट. तो बिघडला असता नवा न बसवता त्याच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन जोडायच्या आणि गीझर ‘डायरेक्ट’ करून द्यायचा, ही जी रीत आपल्याकडे गावोगाव रूढ झाली आहे, ती बंद झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ती बंद करण्याची जबाबदारी कारागिराइतकीच घरमालकाची व गावाचीही आहे.

ही रीत रूढ कशी झाली, हे समजून घेणे न्यायाचे होईल. आपल्या मागच्या पिढीचे पाणी तांब्याच्या बंबात तापत असे. बंबाचे तोंड हवेला मोकळे, त्यामुळे आत दाब साठण्याचा प्रश्नच नव्हता. आणि चार ढलप्या, थोडी चिपाडे जळून गेली की विस्तव आपोआप मंदावत असे. पाणी तापवणाऱ्या साधनाला राखणदार लागतो, ही कल्पना त्या घरगुती अनुभवात कुठेच नव्हती. विजेचा तापक मात्र आपण होऊन कधीच विझत नाही. वीस अंशांचे पंधरा लिटर पाणी साठ अंशांवर आणायला त्याला सुमारे एकवीस मिनिटे पुरतात. त्यानंतर कुणी थांबवले नाही, तर त्याच गतीने तो पुढची उष्णता त्या कोंडलेल्या पाण्यात ओतत राहतो. पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या पुढे जाते, आणि टाकी फुटली तर त्यातला काही भाग क्षणात वाफ होऊन मूळच्या सुमारे सोळाशे पट जागा मागतो. गीझरला बहुविध झडप असते हे खरे. पण नीरा डाव्या कालव्याच्या भिजीत ज्या प्रदेशाने जमिनी चोपण होताना पाहिल्या, त्याला विहिरी-बोअरच्या क्षाराबद्दल वेगळे सांगायला नको. तापकावर क्षाराचे पांढरे कवच चढते, तसेच ते झडपेच्या तोंडावरही बसते, आणि वर्षानुवर्षे न उघडलेली झडप ऐन वेळी उघडेल असा भरवसा कुणी देऊ नये.

थर्मोस्टॅट ही वस्तू दिसायला इतकी क्षुल्लक आहे की तिची किंमत मनात ठसत नाही. गीझरच्या खालचे झाकण उघडले, की तारांच्या गुंत्यात काळ्या बॅकेलाइटची एक लहानशी डबी दिसते, आणि तिच्यापासून निघालेली वीतभर लांबीची पितळी नळी टाकीत शिरलेल्या खोबणीत खोचलेली असते. त्या नळीच्या आत इन्व्हार नावाच्या निकेल-पोलादाची कांडी असते. पितळ तापले की लांबते. इन्व्हार जवळजवळ लांबत नाही. आणि या दोन धातूंच्या वर्तनातला तो केसभर फरक डबीतल्या स्विचला ओढून वीज तोडतो. हा मिश्रधातू शोधून काढणाऱ्या शार्ल एद्वार गियोम या स्विस शास्त्रज्ञाला १९२० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते त्याच्या याच कामगिरीबद्दल. आणि सूक्ष्म मापनासाठी जन्मलेला तो धातू आज आपल्या गावातल्या मोरीत पहाटे चार वाजता निमूटपणे पहारा करतो, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

उष्णता राखण्याची ही विद्या पोटाशी आली, की आपण तिच्याशी हयगय करत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने पाऱ्याच्या चढउताराने विस्तव आवरणारी जी भट्टी रचली, ती अंडी उबवण्यासाठीही होती. आज बारामतीच्या परिसरातले कुक्कुटपालक अंड्यांचे यंत्र साडेसदतीस अंशांच्या आसपास राखतात, आणि दूध संकलन केंद्रावरचा शीतक चार अंशांवर राखला जातो. तिथला नियंता बिघडला, तर त्याच दिवशी नवा येतो, कारण दूध नासले वा अंडी वाया गेली की नुकसानीचा आकडा संध्याकाळपर्यंत हिशेबाच्या वहीत उतरतो. घरातला गीझर डायरेक्ट केला असता मात्र दुसऱ्या दिवशी पाणी उलट अधिक कढत मिळते. काम फत्ते झाले असे घरच्यांना वाटते, आणि धोका मागच्या पावली घरात वस्तीला येतो.

आता खुद्द थर्मोस्टॅट बदलण्याचे काम. ते अवघड नाही. परंतु त्यातली प्रत्येक पायरी सकारण आहे. प्रथम बटण नव्हे, तर त्या गीझरचा एमसीबी पाडावा; कारण कित्येक घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसवलेले सापडते, आणि मग बटण बंद असूनही तापकावर २३० व्होल्ट तसेच उभे असतात. हीच उलटापालट थर्मोस्टॅटच्या बाबतीत झाली, तर तो वेळेवर तुटेल, पाणी तापायचे थांबेल, सगळे सुरळीत दिसेल, आणि तापकाचे वेष्टण तडकले असल्यास बादलीत पडणाऱ्या धारेतून वीज उतरेल. म्हणून लाल तार थर्मोस्टॅटकडे, तेथून थर्मल कटआउटकडे, आणि मगच तापकाकडे गेली पाहिजे; काळी तार तापकाच्या दुसऱ्या टोकाला; हिरवी तार टाकीच्या धातूला, घट्ट. जुना थर्मोस्टॅट काढल्यावर तापकाचा रोध मोजावा. दोन हजार वॅटच्या तापकाला तो सव्वीस ओहमच्या आसपास भरला पाहिजे. नवा थर्मोस्टॅट जुन्याच लांबीचा, आयएसआय चिन्हाचा घ्यावा, आणि त्याची नळी खोबणीत शेवटपर्यंत बसवावी; आखूड नळी पाण्याचे तापमान उशिरा ओळखते. स्क्रू सैल राहिला, तर जवळजवळ नऊ अँपिअरचा प्रवाह त्या सैल सांध्यालाच तापवतो, आणि तारेचे वेष्टण तपकिरी पडू लागते. मर्यादा पंचावन्न अंशांवर ठेवणे घरात लहान मूल असताना शहाणपणाचे, कारण साठ अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते.

हिरव्या तारेविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण ती तार खोलीत आहे म्हणून तिचे दुसरे टोक जमिनीत आहेच असे नव्हे. घर बांधताना मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा पुढे फरशीखाली गाडला जातो. चैत्र-वैशाखात काळी माती भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, आणि त्यात दोन बादल्या पाणी ओतण्याचे भान कुणाला राहत नाही. त्या खड्ड्याची निगा, आणि तीस मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, या दोन गोष्टी ज्या घरात नाहीत, तिथे गीझर चालू असताना अंघोळ करू नये, असे मी माझ्या घरच्यांना सांगतो.

अलीकडे या कामाला एक नवे वळण लागले आहे. ज्यांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, त्यांना मुलाने तिथल्या घराचा भिंतीवरचा थर्मोस्टॅट स्वतःच्या हाताने बदलल्याचे कळते, आणि ‘त्यात काय विशेष’ असा समज घेऊन ते इकडे पेचकस हाती घेतात. पण तिथे भट्टी आणि वातानुकूलन यांना आज्ञा देणाऱ्या त्या भिंतीवरच्या तारांत सामान्यतः अवघे चोवीस व्होल्ट असतात. लाल तार पुरवठ्याची, पांढरी उष्णतेची, पिवळी थंडाव्याची आणि हिरवी पंख्याची, अशी तिथली वहिवाट. आपल्याकडे थर्मोस्टॅटमधून पूर्ण २३० व्होल्टचा प्रवाह जातो, आणि हिरवी तार ही जीव वाचवणारी जमिनीची तार असते. तिथल्या चित्रफितीवरून इथल्या तारा जोडणे म्हणजे मृत्यूशी गाठ आहे, हे परगावच्या मुलांनी आईवडिलांना फोनवर आवर्जून सांगावे.

वातानुकूलन यंत्रांचे थोडक्यात सांगून पुढे जातो. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे मूळ २४ अंशांवर लावून विकण्याचा दंडक झाला, आणि जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी २० ते २८ अंशांच्या मर्यादेची तजवीज बोलून दाखवली. एक अंश वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. माझा या दंडकाला पाठिंबा आहे. मात्र सरकारचे लक्ष अंशांकडे जितके गेले, तितके त्या अंशांची राखण करणाऱ्या जोडणीकडे गेले नाही.

कायदा याबाबत मुका नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाने दिवे, पंखे, फ्यूज, बटणे आणि घरगुती उपकरणे यांची बदली करण्यास परवान्याची अट ठेवली नव्हती, परंतु ती बदली मांडणीची क्षमता किंवा स्वरूप न पालटणारी असली पाहिजे, असे स्पष्ट बजावले होते. त्या कसोटीवर थर्मोस्टॅटच्या जागी थर्मोस्टॅट बसवणे ही बदली ठरते. थर्मोस्टॅट काढून तारा एकत्र पिळणे म्हणजे नियंत्रित उपकरणाचे अनियंत्रित उपकरण करणे. यापेक्षा स्वरूपाचा मोठा पालट तो कोणता?

कारागिराची बाजू मी विसरत नाही. तो संध्याकाळी येतो, घरात बाळंतीण असते किंवा म्हातारी सासू असते, सकाळी गरम पाणी हवेच असते, हव्या लांबीचा थर्मोस्टॅट गावच्या दुकानात नसतो, बारामतीला जाईपर्यंत दुकाने मिटतात. तेव्हा ‘आजच्या पुरते जोडून देतो, उद्या नवा टाकतो’ असे तो म्हणतो, आणि ते म्हणताना तो प्रामाणिक असतो. उद्या त्याला दुसरे बोलावणे येते. पाणी तापत असल्यामुळे घरमालकही आठवण करत नाही, कारण नव्या वस्तूचे काही शे रुपये द्यावे लागतील. अशा वेळी एक रात्र चुलीवर पातेले ठेवण्याची तयारी घरमालकाने दाखवली पाहिजे, आणि ‘डायरेक्ट करून देणार नाही’ एवढे म्हणण्याचे बळ कारागिराला मिळाले पाहिजे. ते बळ त्याला एकट्याने मिळणार नाही. गावातल्या सगळ्या तारतंत्र्यांनी मिळून तसे ठरवले, तर एकाने नाकारलेले काम दुसरा करील ही भीती उरणार नाही.

माळेगावात हे ठरवण्यासारखी सामग्री आहे. गावाला आता नगरपंचायत आहे. शिवनगर विद्या प्रसारक मंडळाची अभियांत्रिकी विद्यालये गावच्या हद्दीत आहेत. परवानाधारक ठेकेदार आहेत, ज्यांच्या टेस्ट रिपोर्टशिवाय नवी वीजजोडणी मिळत नाही. नगरपंचायतीने भाद्रपदात, म्हणजे अभ्यंगस्नानासाठी महिनोन्महिने बंद असलेले गीझर घरोघर सुरू होण्याच्या पुरेसे आधी, प्रभागवार तपासणीचा हुकूम काढावा. एका परवानाधारक तारतंत्र्याबरोबर दोन विद्यार्थी असावेत, आणि त्यांनी प्रत्येक घरी चारच गोष्टी पाहून नोंदवहीत उतराव्यात: थर्मोस्टॅट जागेवर आहे की तारा पिळलेल्या आहेत, फेज योग्य बाजूला आहे का, अर्थिंगचा रोध किती, आरसीसीबी चाचणीचे बटण दाबल्यावर पडतो का. जिथे तारा पिळलेल्या आढळतील, तिथे त्या त्याच वेळी सोडवून ठेवाव्यात, घरमालक कितीही रदबदली करो. आणि चार-पाच प्रचलित लांबींचे थर्मोस्टॅट त्या पथकाच्या पिशवीत असावेत, म्हणजे दाम चुकते करून नवा त्याच भेटीत बसवून घेता येईल.