रॉड तुमचा, अवजारे रुग्णालयाची: हाड मोडल्यावर पैसे कशाचे द्यायचे आणि कशाचे नाही

थोडक्यात
• मोडलेले हाड जागेवर आणणारी अवजारे रुग्णालय वापरते आणि परत ठेवते. शरीरात राहतात ते रॉड, प्लेट आणि स्क्रू. आयुष्मान कार्डावर सूचीबद्ध रुग्णालयात शस्त्रक्रिया होत असेल, तर यांपैकी कशाचेही वेगळे पैसे द्यायचे नसतात.
• शस्त्रक्रियेच्या अवजारांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. रॉड आणि प्लेटवरचा कर १८ जुलै २०२२ पासूनच ५ टक्के आहे.
• रस्ते अपघात असेल, तर अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा विनारोख उपचार मिळू शकतो.
• रॉडचे किंवा प्लेटचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदांबरोबर जपून ठेवा.

हा लेख का?

मागच्या पावसाळ्यात जबलपुरात माझी आत्या घराच्या पायरीवरून घसरली आणि तिचे नडगीचे हाड मोडले. आम्ही तिला जवळच्या एका खासगी रुग्णालयात नेले. तिथे आयुष्मान कार्ड घेतले, अंगठा घेतला आणि संध्याकाळी आतोबांच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. त्यावर प्लेट, स्क्रू, ड्रिल बिट अशी यादी होती आणि सर्वांत खाली ‘इन्स्ट्रुमेंट चार्ज’ लिहिले होते. सामान बाहेरच्या दुकानातून आणायचे होते. आतोबांनी काही न विचारता पैसे भरले. मोडलेला पाय समोर दिसत असताना कोण विचारणार?

योजनांची पाने मराठीत करणे हे माझे कंत्राटी काम आहे. मराठीत एम.ए. केले आहे, पण ती चिठ्ठी मला वाचता आली तरी कळली नाही. पुढे लेखी तक्रार केली आणि साडेतीन महिन्यांनी पैसे परत मिळाले. तुम्हाला ते साडेतीन महिने घालवावे लागू नयेत, म्हणून ही माहिती.

धरणारे आणि राहणारे

पॅकेजच्या यादीत तुम्हाला ‘ओपन रिडक्शन अँड इंटर्नल फिक्सेशन’ असे शब्द दिसतील. मी पहिल्या मसुद्यात ‘रिडक्शन’ला ‘घट’ लिहिले होते. हाडाची घट कशी होईल? इथे त्याचा अर्थ आहे हाड जागेवर बसवणे. ‘ओपन’ म्हणजे चीर देऊन. ‘इंटर्नल फिक्सेशन’ म्हणजे बसवलेले हाड आतून धातूने पक्के करणे.

हाड मोडले की आजूबाजूचे स्नायू आखडतात आणि दोन टोकांना एकमेकांवर ओढतात. त्यामुळे हात किंवा पाय आखूड आणि वाकडा दिसतो. डॉक्टर आधी ओढ देऊन टोके समोरासमोर आणतात. मग टोकदार किंवा दातेरी जबड्याच्या चिमट्याने ती घट्ट धरतात, गरज पडली तर बारीक तारा घालून ठेवतात. हाड असे धरलेले असतानाच ड्रिलने भोके पाडली जातात, त्यांची खोली मापकाने मोजली जाते आणि तेवढ्याच लांबीचे स्क्रू बसवले जातात. सी-आर्म नावाच्या यंत्रावर हाडाची जागा पाहत हे काम चालते. शेवटी चिमटा निघतो, प्लेट राहते.

बिल समजून घ्यायला एवढा फरक पुरेसा आहे. चिमटा, ड्रिल, मापक, स्क्रू-ड्रायव्हर, सी-आर्म ही हाड तेवढ्यापुरते धरणारी किंवा त्या कामाला मदत करणारी साधने. ती निर्जंतुक करून पुढच्या रुग्णासाठी वापरली जातात. प्लेट, रॉड, स्क्रू हे हाड जुळेपर्यंत आणि बहुतेकदा त्यानंतरही तुमच्या शरीरात राहतात. त्यांना ‘इम्प्लांट’ म्हणतात.

आयुष्मान भारत योजनेच्या लाभांत औषधे, लागणारे साहित्य, तपासण्या, भरतीआधीचे ३ दिवस आणि सुट्टीनंतरचे १५ दिवस येतात. शरीरात बसवायचे इम्प्लांटही त्याच लाभांत आहे. योजनेतल्या उपचारासाठी लाभार्थ्याकडून वेगळी रक्कम घेण्याची मुभा सूचीबद्ध रुग्णालयाला नाही. म्हणून ‘रॉडचे पैसे वेगळे’ हे वाक्य कार्डधारकासाठी चूक आहे आणि ‘इन्स्ट्रुमेंट चार्ज’ ही ओळ तर त्याहूनही चूक.

कर कमी झाला, मग रॉड स्वस्त का झाला नाही?

सप्टेंबर २०२५ मध्ये वैद्यकीय वस्तूंवरचा जीएसटी कमी झाल्याची बातमी आली. त्यानंतर अनेकांनी विचारले की हाडाचे ऑपरेशन आता किती स्वस्त होणार. वर सांगितलेला फरक ध्यानात ठेवला तर उत्तर सोपे आहे.

या वेळी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तो अवजारांवरचा कर. अवजारे रुग्णालय विकत घेते, तुम्ही नाही. एक ड्रिल अनेक शस्त्रक्रियांना पुरते. त्यामुळे रुग्णालयाची बचत झाली तरी ती तुमच्या बिलात वेगळी ओळ म्हणून दिसणार नाही. मोडलेल्या हाडासाठी लागणाऱ्या साहित्यावरचा, म्हणजे रॉड-प्लेटवरचा कर त्याआधीच, जुलै २०२२ मध्ये, १२ वरून ५ वर आला होता. त्यात आता नवा बदल नाही.

कार्ड नसलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. रुग्णालयात भरती असताना मिळणाऱ्या उपचारावर जीएसटी लागत नाही (दिवसाला ५,००० रुपयांहून महाग खोलीचे भाडे हा अपवाद) आणि उपचारात बसवलेले साहित्य त्या उपचाराचाच भाग धरले जाते. तेच साहित्य बाहेरच्या दुकानातून आणायला लावले, तर दुकानाच्या बिलावर कर लागतो. ‘बाहेरून आणा’ या दोन शब्दांत तुमचा खर्च असा वाढतो.

गुडघ्याला कमाल किंमत, मोडलेल्या हाडाला नाही

तुम्ही ऐकले असेल की सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटची किंमत बांधून दिली आहे. हे खरे आहे. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१७ रोजी तो आदेश काढला. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची सरासरी छापील किंमत त्याआधी १,५८,३२४ रुपये होती. ती ५४,७२० रुपयांवर आली, कर वेगळा.

पण तो आदेश गुडघा बदलण्यासाठी आहे. मोडलेले हाड जोडणाऱ्या प्लेट आणि रॉडला अशी कमाल किंमत ठरवलेली नाही. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. तेव्हापासून त्यांची छापील किंमत १२ महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. मुळात किती छापायची, हे मात्र कंपनीच ठरवते. याच प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली होती. काही वस्तूंवरचा नफा खरेदी किमतीच्या १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला. म्हणून ‘एमआरपीपेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही’ एवढ्यावरून किंमत रास्त ठरत नाही.

आपल्यासाठी याचा अर्थ असा की गुडघा बदलणाऱ्याला कार्ड नसले तरी किंमत-आदेशाचे संरक्षण आहे. स्कूटरवरून पडून मांडीचे हाड मोडलेल्याला तसे संरक्षण नाही, त्याला आधार कार्डाचाच. ज्यांची नावे पात्र यादीत आहेत पण कार्ड काढायचे राहिले आहे, त्यांनी हाड मोडायची वाट पाहू नये. घरात ७० वर्षांवरील कोणी असेल, तर २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. म्हातारपणी घरातल्या घरात घसरून खुब्याचे हाड मोडते आणि त्यात शस्त्रक्रिया लवकर झालेली बरी असते. तेव्हा कार्डासाठी धावपळ करायला वेळ नसतो.

महाग म्हणजे चांगले?

‘योजनेतला रॉड साधा असतो, वर थोडे भरा, टायटॅनियम टाकू’ असे कोणी म्हणाले तर थांबा. स्टील आणि टायटॅनियम दोन्ही धातू हाडासाठी सर्वमान्य आहेत. कोणता बसवायचा, हे हाड, मोड आणि रुग्ण पाहून डॉक्टर ठरवतात, खिसा पाहून नाही.

या विद्येत साधेपणाला मान आहे. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये काही शल्यविशारदांनी एओ नावाचा गट स्थापन केला. प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद ठेवायची आणि प्लेट, स्क्रू व अवजारे एकमेकांशी जुळणाऱ्या एका संचात बसवायची, अशी त्यांची रीत होती. आज जगभर वापरले जाणारे संच त्याच रीतीचे आहेत. आपल्याकडे मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा, सळया आणि छोटे सांधे वापरून हाड बाहेरून धरणारी हलकी चौकट तयार केली. ‘जेस’ या नावाने ती देशभरच्या डॉक्टरांना माहीत आहे. हाताची मोडलेली हाडे आणि लहान मुलांची वाकडी पावले, दोन्हींसाठी ती वापरतात.

स्टिकर का जपायचे?

अनेक रुग्णालयांत अवजारांचा पूर्ण संच कायम नसतो. रॉड पुरवणारा विक्रेताच शस्त्रक्रियेच्या दिवशी संच आणतो आणि काम झाल्यावर परत नेतो. स्क्रूचे डोके षटकोनी असू शकते किंवा ताऱ्यासारखे, मापही वेगळे असू शकते. प्रत्येकाला त्याचाच स्क्रू-ड्रायव्हर लागतो.

दोन-तीन वर्षांनी रॉड काढायची वेळ आली आणि तो कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा हे कोणालाच माहीत नसेल, तर डॉक्टरांना अंदाजाने संच मागवावा लागतो. न जुळणाऱ्या अवजाराने स्क्रूचे डोके झिजते आणि छोटी शस्त्रक्रिया लांबते. इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनीचे नाव, माप आणि बॅच क्रमांक असलेले स्टिकर असते. रुग्णालय सहसा ते केसपेपरवर चिकटवते आणि योजनेचा दावा पाठवताना शस्त्रक्रियेनंतरच्या एक्स-रेबरोबर जोडते. त्याची एक प्रत तुम्ही मागून घ्या, निदान मोबाइलवर फोटो काढा. रॉड काढणे ही वेगळी शस्त्रक्रिया असते. त्यासाठी कार्डावर पुन्हा मंजुरी घ्यावी लागते.

रस्ते अपघात असेल तर

जबलपूरहून लखनादौन, सिवनीमार्गे नागपूरला जाणारा महामार्ग अनेक मराठी कुटुंबांच्या नेहमीच्या येण्याजाण्याचा. या रस्त्यावर किंवा कोणत्याही रस्त्यावर मोटार वाहनामुळे अपघात झाला, तर ५ मे २०२५ रोजी अधिसूचित झालेली विनारोख उपचार योजना लागू होते. प्रत्येक जखमीला नियुक्त रुग्णालयात दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतो. त्यासाठी आयुष्मान कार्ड लागत नाही. मदतीसाठी ११२ वर फोन करा आणि पोलिसांकडे अपघाताची नोंद होईल हे पाहा.

इथे एक अडचण आधीच ओळखून ठेवा. ही मदत अपघातापासून ७ दिवसांची आहे. पण काही मोडींत, विशेषतः घोट्याजवळ, सूज उतरल्याशिवाय चीर देत नाहीत आणि शस्त्रक्रिया आठवड्यापलीकडे जाऊ शकते. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा की शस्त्रक्रिया कधी होणार आणि सातव्या दिवसानंतरचा खर्च आयुष्मान कार्डावर इथेच होईल का.

जबलपुरात आणि नागपुरातही लोक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात. जबलपूरचे मेडिकल नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाचे आहे. मध्य प्रदेशचे आयुष्मान कार्ड नागपूरच्या सूचीबद्ध रुग्णालयातही चालते. काही पॅकेजेस राज्ये फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवतात, म्हणून खासगी रुग्णालयात जाण्याआधी हे विचारा.

भरती होताना हे पाच प्रश्न विचारा

१. हे रुग्णालय हाडांच्या उपचारासाठी सूचीबद्ध आहे का?
२. माझ्या शस्त्रक्रियेचे पॅकेज कोणते आणि त्याला मंजुरी मिळाली का?
३. रॉड किंवा प्लेट पॅकेजमधूनच मिळणार ना?
४. इम्प्लांटच्या स्टिकरची प्रत मला मिळेल का?
५. पैसे मागितले, तर त्याची पावती रुग्णालयाच्या नावाने मिळेल का?

हे प्रश्न डॉक्टरांना ऑपरेशनच्या दारात विचारू नका. मध्य प्रदेशात आयुष्मान मित्र आणि महाराष्ट्रात आरोग्यमित्र यांच्या खिडकीवर विचारा. त्यांचे कामच ते आहे.

तरीही पैसे मागितले तर १४५५५ या क्रमांकावर फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. फोनने भागले नाही, तर जिल्हा तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्या. अर्जासोबत कार्डाची प्रत, डिस्चार्ज कार्ड, दुकानाचे बिल आणि पैसे मागितल्याची चिठ्ठी जोडा. आत्याच्या वेळी आतोबांनी ती चिठ्ठी फेकली नव्हती, शर्टाच्या खिशात घडी घालून ठेवली होती. तक्रारीत सर्वांत जास्त उपयोग तिचाच झाला.