तिन्ही अर्ज नाकारले, तरी...

‘पीएचडी करतोय म्हणे, मग कमावणार कधी?’ घरी आलेले पाहुणे असे विचारतात. अशा वेळी अम्मी-अब्बांनी अझीझ सांजार यांची हकीकत सांगावी.

तुर्कस्तानातल्या सावूर गावी त्यांचा जन्म झाला. आई-वडील निरक्षर होते, पण मुलांना त्यांनी शिकवले. अझीझ इस्तंबूलला डॉक्टर झाले आणि संशोधनासाठी अमेरिकेला गेले. अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनए पेशी कसा दुरुस्त करते, हा त्यांचा विषय. १९७७ मध्ये टेक्सासमध्ये पीएचडी झाली. पण पुढच्या संशोधनासाठी केलेले तिन्ही अर्ज नाकारले गेले. त्यांनी येलमध्ये प्रयोगशाळा-तंत्रज्ञाची नोकरी धरली, विषय मात्र सोडला नाही. २०१५ मध्ये त्याच विषयासाठी रसायनशास्त्राचे नोबेल आणखी दोघांसोबत मिळाले.

संशोधन करणाऱ्या लेकरांना ‘कधी संपणार?’ म्हणू नका. ‘आज प्रयोगात काय झालं?’ एवढंच विचारा.